पूजेला बसलेली बॅटरी

काशीनाथराव टोकेकरांचं ड्रिल मशीन गंगेत पडलं, तेव्हा ते पवित्र झालं याबद्दल पंचगंगा घाटावर कोणाचंही दुमत नव्हतं. ते पुढे चालेल का, हा प्रश्न कोणी काढला नाही. पवित्र झालेल्या वस्तूकडून कामाची अपेक्षा धरायची नसते, हे काशीत सगळ्यांना ठाऊक असतं. पवित्र झालेल्या माणसांकडूनही कोणी धरत नाही.

घडलं ते नवरात्राच्या पाचव्या माळेला. कार्तिकात या घाटावर उंच बांबूंना टोपल्या लटकवून त्यांत पितरांसाठी आकाशदिवे लावतात. त्या बांबूंच्या कड्यांसाठी दगडात चार भोकं पाडून हवी होती, आणि 'टोकेकर चाचांकडे मशीन आहे' असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणालं, एवढं काशीनाथरावांना पुरायचं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. मुलाने, म्हणजे विश्वजीतने, झाशीहून त्यांना बॅटरीवर चालणारं ड्रिल पाठवलं आणि त्या दिवसापासून दूधविनायकाच्या गल्लीतली एकही भिंत सुखाने उभी राहिली नव्हती. ज्यांना पडदे नको होते त्यांच्याकडेही पडद्यांचे दांडे लागले होते.

तर, पूर ओसरलेला, पायऱ्यांवर गाळाचा थर. काशीनाथरावांनी चष्मा पुसायला मशीन क्षणभर पायरीवर ठेवलं आणि मशीन निघालं. सात पायऱ्या, सात वेगळे आवाज, आणि मग आठवा, जो कुठल्याही यंत्राच्या मालकाला ऐकवत नाही.

एका नावाड्याने ते बांबूने ओढून बाहेर काढलं. मशीन हातात ठेवत तो म्हणाला, "चाचा, गंगा मइया छूकर लौटा दीं. अब ई कभी खराब ना होई."

हे तांत्रिक मत काशीनाथरावांना पटलं. 'पाणी शिरल्याने बिघाड' या शेऱ्याचे किमान दोनशे अहवाल त्यांनी नोकरीत स्वतःच्या हाताने लिहिले होते; पण ते पावसाचं पाणी. पावसाच्या पाण्याची आणि गंगेची बरोबरी करायला ते काही नास्तिक नव्हते. त्यांनी मशीन आणि बॅटरी माजघराला लागूनच असलेल्या गच्चीवर उपासाच्या साबुदाणा-पापड्यांशेजारी दोन दिवस वाळत घातली. पापड्या कुरकुरीत झाल्या, तेव्हा बॅटरीही आतून कुरकुरीत झाली असणार असा अंदाज बांधून अष्टमीला त्यांनी बटन दाबलं, आणि ड्रिल गरगर फिरलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

बॅटरी जरा फुगली होती, हे खरं. पण काशीत चार दिवस कचोरी-जिलबी खाऊन कोण फुगत नाही?

फुगल्यामुळे ती चार्जरमध्ये नीट बसत नव्हती, हेही खरं. आणि चार्जर तिचा स्वतःचा नव्हता. स्वतःचा चार्जर श्रावणात एका माकडाने पळवला होता. तो पुढे बरेच दिवस समोरच्या विजेच्या तारांना लटकत होता, म्हणजे एका परीने कामावरच होता. त्याच्या जागी बाजारातून आणलेल्या चार्जरबद्दल दुकानदाराने खात्री दिली होती, "बिलकुल वही है चाचा, बस नाम दूसरा है." या दुसऱ्या नावाच्या चार्जरवर काशीनाथरावांनी फुगलेली बॅटरी दाबून बसवली, वरून पूजेच्या लाल कलाव्याच्या दोऱ्याचे पाच वेढे दिले आणि गाठ मारली. गाठ मारलेली गोष्ट हलत नाही, असं ते आपल्या लग्नाबद्दलही म्हणायचे.

लग्न ज्यांच्याशी झालं होतं त्या बकुळताई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. दोन्ही गुडघे बदलून त्यांना सव्वा महिना झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चालायचं, जिना उतरायचा-चढायचा, पण कठड्याला धरून. टोकेकर पहिल्या मजल्यावर राहत. खाली गल्लीत जायला अकरा पायऱ्या, उभ्या आणि गुळगुळीत, आणि कठडा नावाची गोष्ट नव्हती. स्टीलचा पाइप आणून जिन्याखाली आडवा ठेवलेला होता. तो भिंतीत बसवायला सहा भोकं लागणार होती.

चौदा घरांत भोकं पाडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात सहा पाडायला सव्वा महिना का लागावा? त्यालाही कारणं होती. आधी पितृपक्ष लागला. त्यात नवं काम कसं काढायचं? मग घट बसले. मग शेजारधर्म. मग गंगा. बकुळताईंनी शेवटी सप्तमीला सांगून टाकलं होतं, "अहो, दसऱ्याला मी खाली उतरणार. सोनं द्यायला. कठडा असो नाहीतर नसो."

"नसेल कसा? दसऱ्याला सकाळी सहा वाजता बसवतो."

"उद्याच का नाही?"

"उद्या अष्टमी, होम आहे शेजारी. परवा खंडेनवमी. शस्त्रांना विश्रांती."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. ती घासूनपुसून पाटावर मांडायची, गंध-फूल वाहायचं, आणि एकदा पूजेला बसली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, जागची हलवायची नाहीत. टोकेकरांकडे पूर्वी पाटावर विळी, अडकित्ता आणि आजोबांची पोथी बसायची. आता ड्रिल बसणार होतं. तसं ते ड्रिल महिन्याभरापूर्वी विश्वकर्मा-पूजेलाही बसलं होतं, कारण काशीनाथराव काशीचे होते. आणि आता खंडेनवमीला बसणार होतं, कारण ते मराठी होते. इतकी पूजा झालेलं यंत्र बिघडायची हिंमत करील कसं?

अडचण एकच होती, आणि ती काशीनाथरावांनी सिग्नल खात्याच्या बुद्धीने सोडवली. दसऱ्याला पहाटे बॅटरी भरलेली हवी. नवमीला पूजा झाल्यावर हात लावायचा नाही. म्हणजे पूजेच्या आधीच ती चार्जिंगला लावायची आणि चार्जिंगसकट पूजेला बसवायची. इतका सरळ उपाय घरात दुसऱ्या कोणाला सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

म्हणून खंडेनवमीला सकाळी साडेनऊ वाजता टोकेकरांच्या माजघरातलं दृश्य असं होतं: भिंतीशी घट, त्याच्याशेजारी नऊ दिवसांचा नंदादीप. त्याच्यापुढे पाट. पाटावर ड्रिल आणि चार्जरवर बांधलेली बॅटरी. भोवती झेंडूची रास, कापसाची वस्त्रं, कापूर, तुपाची वाटी. बॅटरीला हळद-कुंकू, आणि ते नीट लागावं म्हणून थोडं पाण्याचं बोट. पाटाखाली वायरीचा बोर्ड. त्यालाही कुंकू लावलेलं, कारण तो एकटाच का राहावा? आणि या सगळ्यावर बकुळताईंचा जांभळा रेशमी शेला पांघरलेला. पाटाच्या मागे, दीड हातावर, आतल्या खोलीचं दार. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. एक खिडकी होती, तिला माकडांसाठी गज होते.

सूनबाई, हिमानी, स्वयंपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. ती काशीच्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायची.

"बाबा, हे चार्जिंगला आहे?"

"पूजेला आहे."

"पण लाल दिवा लागलाय."

"पूजेत दिवा लागलेलाच असतो."

हिमानीने ताट खाली ठेवलं, शेल्याचं टोक उचललं आणि बॅटरीवर बोट टेकवून झटकन मागे घेतलं.

"हात नको लावूस! तू सोवळ्यात नाहीस."

"बाबा, ही तापलीय. कितनी देर से लगी है?"

"पहाटे पाचपासून."

"आणि हिरवा दिवा लागलाच नाही?"

"जुनी माणसं आणि जुन्या बॅटऱ्या सावकाश जेवतात."

"जुनी कुठे, पाण्यातून काढलेली आहे ती. केवढी फुगलीय बघा. आमच्या लॅबमध्ये अशी बॅटरी दिसली ना, तर कोणी चार्जरजवळसुद्धा नेत नाही. बाहेर मोकळ्यात नेऊन ठेवतात, आजूबाजूला जळण्यासारखं काही नसेल तिथे. आणि तुम्ही तिला कापूस, कापूर, तूप आणि रेशीम यांच्या मधोमध बसवलीत! मी मुद्दाम आग लावायला बसले असते ना बाबा, तर मला एवढी तयारी सुचली नसती."

आतून बकुळताईंचा आवाज आला, "काय गं हिमानी?"

"काही नाही," काशीनाथराव म्हणाले. "सूनबाईंचा तास चाललाय."

हिमानीने आवाज खाली आणला. "बाबा, मागे आई आहेत. दार हे एकच आहे. त्यांना पळता येत नाही. एवढंच बघा."

"अगं, चौतीस वर्षांत माझ्या सेक्शनला एक अपघात नाही. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात भाषण माझं असायचं."

"रेल्वेने तुम्हाला सिग्नलवर शेला घालू दिला होता का?"

या प्रश्नाचं उत्तर सुरक्षा सप्ताहाच्या भाषणात नव्हतं. काशीनाथरावांनी झेंडूचं एक फूल सरळ केलं.

"काढायची नसेल तर नका काढू. मी बटन बंद करते. बटन तर पूजेत नाही?"

"बोर्डाला कुंकू लावलंय."

"मग मेन स्विच बंद करते."

काशीनाथराव उठले आणि मेन स्विचच्या लाकडी पेटीसमोर उभे राहिले. "पूजा झालीय तिची, चार्जिंगसकट. आता मध्येच वीज तोडायची म्हणजे जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं. खंडेनवमीला! तुमच्या रसायनशास्त्रात चालत असेल, आमच्यात नाही."

सासऱ्याला ढकलून बाजूला करायचं शिक्षण हिमानीला कुठल्याच विद्यापीठाने दिलेलं नव्हतं. तिने घड्याळ पाहिलं. "विश्वेशगुरुजींनी हो म्हटलं तर?"

"गुरुजी हो म्हणाले तर मी स्वतः बंद करीन. शास्त्रापुढे माझं काही नाही."

"त्यांचा फोन होमाच्या वेळी बंद असतो. मीच जाऊन येते. तोवर तुम्ही आईंना बाहेर जिन्याजवळच्या खुर्चीत आणून बसवा. अभी, बाबा. वचन द्या."

"आणतो, आणतो. जा तू."

हिमानी चपलाही न घालता खाली गेली. काशीनाथरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. बकुळला बाहेर आणायचं म्हणजे तिला का ते सांगायचं. का ते सांगायचं म्हणजे सूनबाई म्हणते त्यात तथ्य आहे असं म्हणायचं. आणि तथ्य आहे म्हटलं की ती विचारणार, मग लावलीत कशाला? एका साध्या माणसाला इतक्या पायऱ्या उतरायला लावणं बरं नाही, तेही कठडा नसताना. ते पुन्हा पाटासमोर बसले आणि त्यांनी हात जोडले.

पाच मिनिटं गेली. एक गोडसर, रंगाच्या डब्यासारखा वास सुटला.

"अहो," आतून हाक आली, "काय जळतंय?"

"काही नाही. उदबत्ती."

"असल्या वासाची उदबत्ती आपल्या घरात नाही."

"विश्वजीतने पाठवलीय."

"झाशीहून? त्याला उदबत्ती आणि डासांच्या कॉइलमधला फरक कळत नाही, तो पाठवणार? काय लपवताय?"

काशीनाथरावांनी पाटाकडे पाहिलं. शेला हलत होता. वारा नव्हता. शेला मधोमध सावकाश वर येत होता, पोळी तव्यावर फुगते तसा, आणि त्याच्याखालून बारीक शिट्टीचा आवाज निघत होता. शेल्याच्या जांभळ्या रेशमातून तो दिवा अजून दिसत होता. लाल, स्थिर, अजिबात न लुकलुकणारा. लाल दिसला की थांबायचं आणि थांबवायचं, एवढी एक गोष्ट त्यांनी शेकडो तरुण पोरांना शिकवली होती. तोच लाल दिवा पहाटे पाचपासून समोर होता आणि ते त्याला हात जोडून बसले होते. ओळखलं नव्हतं असं नाही. गंगेतून काढलं त्या दिवशीच ओळखलं होतं. पण टाळ्या वाजवणाऱ्या गल्लीला 'ही बॅटरी आता गेली' असं सांगणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही.

मग फट्कन आवाज झाला.

शेल्याला भोक पडलं आणि त्यातून करड्या धुराचा लोट, आणि धुरामागून ज्योत, नंदादीपासारखी शांत नव्हे, गॅसच्या शेगडीसारखी आडवी, फुरफुरणारी. कापसाची वस्त्रं एका क्षणात गेली. झेंडूंनी थोडा वेळ घेतला. काशीनाथरावांचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला होता, तो चौतीस वर्षांच्या नोकरीने मागे ओढला: वीज आधी. ते उठून पेटीपाशी पोचले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. जेवणारा पानावरून उठला. पण त्याचं पोट भरलेलं होतं, तो थांबला नाही.

वळून पाहतात तर धुरापलीकडे दारात बकुळताई. वॉकर धरून उभ्या, पदर नाकाला लावलेला. त्यांच्यात आणि काशीनाथरावांच्यात तो पाट.

"मागे हो!"

"मागे कुठे? गजांतून?" त्या खोकल्या. "अहो, बाजूला करा ना ते!"

"पूजेला—" ते म्हणाले. तोंडातून शब्द गेला. आयुष्यभराची सवय, ती काय आगीला विचारून येते?

बकुळताईंनी नुसतं पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे बऱ्याच प्रकारे पाहिलं होतं. हा प्रकार नवा होता. त्यात राग नव्हता. तिथे आपला माणूस उभा आहे का, एवढंच त्या बघत होत्या.

टोकेकरांच्या सात पिढ्यांनी पूजेच्या पाटाला चुकून पाय लागला तर दोन्ही हातांनी नमस्कार केला होता. काशीनाथरावांनी त्या पाटाला लाथ घातली. पहिल्या लाथेला तो हातभर सरकला, वायर तटतटली आणि बोर्डातून निसटली. दुसऱ्या लाथेला तो झेंडू, तूप, ड्रिल आणि पेटत्या बॅटरीसकट फरशीवरून घसरत गच्चीच्या दारातून थेट उघड्यावर गेला. त्या दाराचा उंबरठा वॉकर अडू नये म्हणून मागच्याच महिन्यात काढला होता. गच्चीच्या मधोमध जाऊन पाट थांबला आणि तिथे बॅटरीने उरलेलं सगळं बाहेर काढलं: फट्, फट्, फट्, लवंगी माळेसारखं.

"चल," ते म्हणाले.

धूर अजून खोलीत होता. बकुळताई एक हात वॉकरवर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, अशा माजघर ओलांडून जिन्याशी आल्या. वॉकर जिन्यावर चालत नाही. काशीनाथराव पुढे, एक पायरी खाली, पाठ वाकवून; त्यांच्या दोन्ही खांद्यांवर तिचे हात. अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला त्या "थांबा" म्हणाल्या आणि प्रत्येक पायरीला ते थांबले. वर मागे फटाके चाललेले. भिंतीशी आडवा पडलेला स्टीलचा पाइप पायरीपायरीने जवळ येत होता आणि त्यांच्याकडे चमकून बघत होता.

खाली गल्लीत कोणी धावून आलं नव्हतं. मणिकर्णिकेच्या चितांच्या इतक्या जवळ धुराने कोणी घाबरत नाही. समोरच्या घराचे पांडेजी दात घासत ओट्यावर बसले होते. टोकेकरांच्या गच्चीवरून उठणाऱ्या लोटाकडे पाहून त्यांनी अत्यंत आदराने विचारलं, "कौन गया, भाईसाहब?"

"बैटरी," काशीनाथराव म्हणाले.

पांडेजींनी उठून बकुळताईंना ओट्यावर बसवलं, पाणी आणलं, आणि मग बातमी गल्लीला दिली. तेव्हा मात्र गल्ली भरली.

याच वेळी विश्वेशगुरुजींना घेऊन हिमानी धावत आली. गुरुजी पुण्याच्या एका कुटुंबाचा नवमीचा होम मोबाइलसमोर बसून करत होते. पूर्णाहुतीपर्यंत उठता येत नव्हतं. पण प्रश्न ऐकल्यापासून त्यांनी मनातल्या मनात निर्णय तयार ठेवला होता, आणि धापा टाकत, वर धूर दिसत असतानाही, तो त्यांनी पूर्ण सांगितला.

"काका, चार्जर हे शस्त्र नव्हे, उपकरण. उपकरणाचं विसर्जन वेगळं करता येतं. दोन अक्षता वाहून बटन बंद करायला शास्त्राची काही हरकत नाही."

"फार उपकार झाले," बकुळताई ओट्यावरून म्हणाल्या.

हिमानीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने आधी सासूबाईंचा श्वास पाहिला, मग सासऱ्यांच्या पायाकडे. अंगठा भाजला होता. "बाबा, आईंना आधी बाहेर आणायचं म्हटलं होतं ना?" एवढंच ती बोलली, आणि फोन लावायला वळली. अग्निशमनवाल्यांनी विचारलं, गल्ली किती रुंद आहे? ती म्हणाली, "एक सांड आडवा उभा राहिला की बंद होते, एवढी. आत्ता उभा आहे." गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवून दोन जवान चालत येतो म्हणाले. वर जाऊन बघायला निघालेल्या चौघांना तिने जिन्यातच अडवलं. "विझल्यासारखी दिसते आणि परत पेटते ती. तो धूर छातीत घेऊ नका. कोणीही ऊपर नहीं जाएगा."

वर जाता येईना, तेव्हा लोकांनी खालीच कारणमीमांसा सुरू केली.

पांडेजींचं मत पडलं की नवमीला हवन असतंच; देवीने ते स्वतःच्या हाताने करून घेतलं. एवढं भाग्य गल्लीत आजवर कोणाचं नव्हतं. एकजण म्हणाला, नजर लागली, चाचांचं मशीन सगळ्यांच्या डोळ्यांत होतंच. दुसरा म्हणाला, माल चिनी असणार. गुरुजींनी पंचांग आठवून सांगितलं की साडेनऊ ते अकरा हा काळ यंत्रासाठी जरा कठीणच होता. तो घाटावरचा नावाडीही कुठून तरी आला होता. त्याने तर निकालच दिला. "गंगा मइया का छुआ हुआ था, चाचा. उधर का सामान उधर ही गया." कोणीतरी "हर हर महादेव" म्हणालं आणि सगळ्यांनी मागे म्हटलं.

काशीनाथराव मध्ये उभे होते, एका पायावर भार देऊन. इतकी चांगली कारणं एका वेळी समोर येण्याचा योग माणसाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही. कुठलंही एक उचलायचं, मान हलवायची, आणि संध्याकाळपर्यंत भाग्यवान म्हणून मिरवायचं. पांडेजींचं तर उत्तमच होतं. त्यांनी सवयीने मान हलवायला सुरुवातही केली.

ओट्यावरून बकुळताई बघत होत्या. मघाशी धुरापलीकडून बघत होत्या, तशाच.

काशीनाथरावांची मान मध्येच थांबली.

"ऐसा कुछ नहीं है," ते म्हणाले, आणि मग मराठीत, कारण हे ज्यांना सांगायचं होतं त्या मराठी होत्या. "बॅटरी पाण्यात पडून खराब झाली होती. मला ठाऊक होतं. चार्जर तिचा नव्हता, तेही ठाऊक होतं. ती चार्जिंगला लावली, वर कापड घातलं आणि तुझ्या दाराशी ठेवली. हिमानीने सांगितलं तरी बंद केली नाही. तुला बाहेर आणतो म्हणालो, तेही आणलं नाही. देवीचा यात काही संबंध नाही. मी केलं."

मराठी न कळणाऱ्यांनी कळणाऱ्यांना विचारलं, कळणाऱ्यांनी हिंदीत सांगितलं, आणि सगळ्यांचे चेहरे हळूहळू पडले. एवढ्या मोठ्या धुराचं एवढंसं कारण? पांडेजी पुन्हा दात घासायला लागले. नावाडी घाटाकडे वळला. गुरुजींना पुण्याच्या यजमानांना आशीर्वाद द्यायचे राहिले होते ते आठवलं. पाच मिनिटांत गल्लीत टोकेकरांची तीन माणसं आणि तो सांड एवढेच उरले. सांड बातमीसाठी आलेला नसल्यामुळे त्याची निराशा झाली नव्हती.

दोन जवान आले, वर गेले, गच्चीवर बराच वेळ पाणी ओतत राहिले. मग बॅटरीचं जे काही उरलं होतं ते पाण्याच्या बादलीत घालून घेऊन गेले. जाताना त्यांच्यातल्या मोठ्याने एवढंच विचारलं की उसके ऊपर कपड़ा किसने डाला था. काशीनाथरावांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"आता वर जाऊ शकतो आपण," हिमानी म्हणाली. "खिडक्या उघडते. आईंचा पलंग मी जिन्याजवळच्या खोलीत लावतेय, आजच. तुम्ही काही बोलू नका, बाबा."

"मी कुठे बोलतोय?"

ती वर गेली. काशीनाथराव ओट्यापाशी आले. बकुळताईंच्या केसांत झेंडूची एक जळकी पाकळी होती. ती काढावी की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावतो," ते म्हणाले. "कठड्याला. त्याचं मशीन वायरवालं आहे."

"बोलवा."

"दुसरी बॅटरी आहे पेटीत. ती चांगली आहे. म्हणजे... हिमानीला दाखवतो आधी. ती म्हणेल तिथे, म्हणेल तेव्हा लावतो. समोर बसून."

"समोर बसून तर आजही होतात."

त्यांनी हात पुढे केला. बकुळताईंनी हाताकडे पाहिलं, मग समोरच्या अकरा पायऱ्यांकडे, मग पुन्हा हाताकडे.

"दोन्ही द्या," त्या म्हणाल्या. "आणि आधी सांगा, आणखी काही कुठे चार्जिंगला लावून आलायत का?"

काशीनाथरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मोबाइल. तुझ्या उशीखाली."

बकुळताई ओट्यावर परत खाली बसल्या. "जा," त्या म्हणाल्या. "काढून या. मग जाऊ वर."